दहा तास बसून तीस पानं, अन् दुसऱ्या दिवशी पाटी कोरी

प्रश्न असा आहे: "सर, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला. बीए झालं, दोन वर्षांपासून राज्यसेवा आणि सरळसेवेची तयारी करतो. घरी चार एकर वावर आहे, बाबांना मदत करावी लागते, पण काम नसलं की ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत दिवसाला दहा तास बसतो. तरी पंचवीस-तीस पानंच होतात. वाचताना सगळं समजते, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. माझा वाचनाचा स्पीड कमी आहे का? मोबाईलवर स्पीड रीडिंगचा एक कोर्स दिसला, तीन हजार फी आहे, लावू का?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नका लावू. ते तीन हजार सध्या घरात राहू द्या, त्यातले थोडे कशाला लागू शकतात ते पुढं येईलच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली आणि गेली चौदा वर्षं संध्याकाळी तालुक्याच्या गावी एक अभ्यासिका सांभाळून राहिलो, म्हणजे खुर्च्या लावणं, पंखा दुरुस्त करणं आणि पोट्ट्यांचा अभ्यास ऐकणं ही तिन्ही कामं माझीच. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन दर महिन्याला कोणी ना कोणी येतेच. सगळे म्हणतात स्पीड कमी आहे. मी म्हणतो, बस बाप्पा इथं, एक पान वाच अन् मग पुस्तक माझ्याजवळ दे. पुस्तक हातातून गेलं की चेहरा पाहण्यासारखा होते.

तुमचाच हिशोब मांडून पाहू. दहा तासात तीस पानं म्हणजे तासाला तीन, एका पानाला वीस मिनिटं. नेहमीच्या अभ्यासाच्या पुस्तकात पानावर तीनशे-साडेतीनशे शब्द असतात. मिनिटाला शंभर शब्द एवढ्या बैलगाडीच्या चालीनं वाचलं तरी पान साडेतीन मिनिटात सरते. मग राहिलेली सोळा मिनिटं गेली कुठं? तीच ओळ पुन्हा, मग पुन्हा, मग खिडकीबाहेर, मग मोबाईल, मग पानाच्या सुरुवातीला परत. हा स्पीडचा आजार नाही. डोळे पुस्तकावर असतात आणि मन धुऱ्यावर बसून असते, कारण त्याला काही कामच दिलेलं नाही.

आणि खरं दुखणं तुम्ही एका वाक्यात सहज लिहून गेले, "वाचताना सगळं समजते". समजत नाही भाऊ, ओळखीचं वाटते. यवतमाळच्या स्टँडवर एखादा माणूस दिसते, चेहरा शंभर टक्के ओळखीचा, तो हात करते, आपणही करतो, आणि गाडी सुटेपर्यंत नाव काही आठवत नाही. चौथ्यांदा वाचलेलं पान असंच असते. पेपरात मात्र नाव विचारतात, गाव विचारतात, कधी कधी त्याच्या सोयऱ्याचंही गाव विचारतात.

हे मी अनुभवावरून सांगतो. २००२ मध्ये मी स्वतः स्पर्धा परीक्षा दिली होती. तेव्हा पिवळा हायलायटर नवा नवा हाती आला होता, पुस्तक असं रंगवलं की हळदीतला नवरदेव. पाच वेळा वाचून काढलं. पेपरात पंचायत राजच्या ७३ व्या घटनादुरुस्तीवर प्रश्न आला, कोणतं परिशिष्ट आणि किती विषय. मला ते पान आठवलं, डाव्या हाताचं पान, वरून चौथी ओळ, बाजूला चहाच्या कपाचा गोल डाग. सगळं दिसत होतं, फक्त उत्तर दिसत नव्हतं. बाहेर येऊन पाहिलं, अकरावं परिशिष्ट, २९ विषय. ते आजपर्यंत विसरलो नाही, कारण त्या दिवशी ते शोधून काढावं लागलं. पाच वेळा वाचून जे झालं नाही ते एका फजितीनं झालं.

यावर रीतसर प्रयोग झालेले आहेत. २००६ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटानं एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा उतारा न पाहता कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर चार वेळा वाचणारे पुढं, त्यांना साधारण ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. पण आठवड्यानं तीच परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे ४० वर आले आणि लिहिणारे ६१ वर राहिले. गंमत म्हणजे आपल्याला चांगलं आठवेल याची खात्री जास्त कोणाला होती, तर चार वेळा वाचणाऱ्यांना. तुमचं "सगळं समजते" ते हेच, पाच मिनिटांनंतरचे ८३ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी असती तर तुम्ही केव्हाचेच साहेब झाले असते.

आता स्पीड रीडिंगचं. वाचताना डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत नाही, उड्या मारते, आणि दर उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबते. त्या थांब्यात स्पष्ट दिसते ते मधले थोडेसेच अक्षर, बाकी धूसर. एका नजरेत आख्खं पान टिपणं म्हणजे डोळ्याच्या बनावटीच्याच बाहेरची गोष्ट. त्यात वेळ डोळ्याला लागत नाही, अर्थ लावायला लागते. कीथ रेनर नावाच्या माणसानं आयुष्यभर वाचताना डोळे कसे हलतात हेच तपासलं, २०१६ मध्ये त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा जो आढावा आला त्यात हेच होतं, वेग फार वाढवला की समज घटते, दोन्ही सोबत वाढवणारी जादू नाही. वरून ते "मिनिटाला इतके शब्द" मोजणारे ॲप इंग्रजीच्या मापानं बनलेले असतात. आपल्या मराठीत "तहसीलदारांकडूनसुद्धा" हा एकच शब्द आहे, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात. मग मापच कसं जुळणार? एखाद्या विषयाचं पन्नासावं पान वाचताना जो वेग आपोआप येते तो विषय माहीत झाल्यानं येते, डोळ्यांच्या कसरतीनं नाही.

आता प्रामाणिकपणे सांगतो, कोणाचा आजार कोणता हे पाहिल्याशिवाय औषध सांगता येत नाही. मी काय करतो, पोराला एक नवीन पान मोठ्यानं वाचायला लावतो. त्यातून तीन प्रकार निघतात. काही पोरं जोडाक्षरावर अडतात, "प्राधिकृत", "संवैधानिक" असं आलं की गाडी खड्ड्यात. शाळेत मोठ्यानं वाचनाची सवयच मोडलेली असते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, रोज सकाळी पेपरचा एक लेख घरच्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचायचा, दोन-तीन महिन्यात मोकळं होते. काही पोरं घडाघडा वाचतात पण "आता तुझ्या शब्दात सांग" म्हटलं की पुस्तकाचंच वाक्य परत देतात, त्यांचा घोटाळा पुस्तकी भाषेचा. आणि तिसरे तुमच्यासारखे, आज सांगतात अन् परवा विसरतात. तुमच्यात दुसरा अन् तिसरा दोन्ही थोडे थोडे असावेत असा माझा अंदाज आहे, पण न पाहता सांगून राहिलो, चूकही असू शकते.

अजून एक, डोळे तपासून घ्या. हसू नका. माझ्या इथं एक पोरगा वर्षभर "अर्ध्या तासात डोकं दुखते, मन लागत नाही" म्हणून रडत होता, घरच्यांनी बाहेरचं काही आहे का म्हणून उताराही करून पाहिला. नंबर निघाला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारा, तपासणी तिथं होत असेल तर तिथंच करा, नाहीतर चष्म्याच्या दुकानात. तीन हजार घरात ठेवा म्हटलं ते यासाठी, चष्मा लागलाच तर त्यातच भागून पैसे उरतील.

परीक्षा कोणती यावरही बरंच अवलंबून आहे. सरळसेवेला चार पर्यायातून ओळखायचं असते, राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तिथं पर्यायच समोर नाही, कोऱ्या कागदावर स्वतः मांडायचं आहे. नुसतं ओळखीचं वाटणं पहिल्या ठिकाणी थोडंफार चालून जाते, दुसऱ्या ठिकाणी पूर्ण उघडं पडते.

पुस्तकी भाषेबद्दल जरा थांबून बोलतो, कारण आपल्याकडं हाच मोठा अडथळा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. आपण घरी "काहून", "मले", "वावर" बोलतो आणि पुस्तकात येते "मृदेची आर्द्रता धारण करण्याची क्षमता". मागं एक पोरगा हेच वाक्य रट्टा मारत होता, रेगूर मृदेची (म्हणजे आपल्या काळ्या मातीची) आर्द्रता धारणक्षमता अधिक असून शुष्क काळात तिला भेगा पडतात व त्यामुळे हवा खेळती राहते. मी त्याला विचारलं, मे महिन्यात तुमच्या वावरातल्या भेगेत पाय जाते का? म्हणे, सर, पाय काय, मागं वखराची पास अडकली होती. मग वापसा, म्हणजे पाणी निथळून वावर कामाजोगं होणं, केव्हा येते, मुरमाड वावरात लवकर का काळ्यात? म्हणे मुरमाडात लवकर, काळं पाणी धरून ठेवते. झालं, हीच ती आर्द्रता धारणक्षमता राजा! तू लहानपणापासून त्यात चालून राहिला आणि पुस्तकात भेटली तर ओळख देत नाही.

पुढं त्याच पानावर होतं, की या मृदेत चुना, लोह, मॅग्नेशियम भरपूर पण नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय पदार्थ कमी. मी म्हटलं, बाबा पेरणीला कोणतं खत देतात? डीएपी. बॅगवर काय लिहिलेलं असते? १८-४६. म्हणजे १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद, नेमकं जे मातीत कमी आहे तेच. तो पोरगा दोन मिनिटं गप्प बसला. ते पान त्यानं पुन्हा पाठ केल्याचं मी पाहिलं नाही, लागलंच नाही. सांगायचं एवढंच की नवीन माहिती डोक्यात अधांतरी लटकत नाही, तिला खुंटी लागते, आणि खेड्यातल्या पोराजवळ भूगोलाच्या, शेतीच्या, पंचायत राजच्या, सहकाराच्या खुंट्या शहरातल्या पोरापेक्षा जास्त आहेत, त्या वापरायचं फक्त सुचत नाही. अर्थशास्त्रात हे थोडं कमी चालते, राजकोषीय तूट समजून घ्यायला वावर कामी येत नाही, तिथं व्याख्या नीट तोडून वाचावीच लागते.

तोडून म्हणजे कसं, ते एका वाक्यावर दाखवतो. पंचायतींच्या अधिकारांबद्दल राज्यघटनेत जी तरतूद आहे तिचा आशय साधारण असा आहे: "पंचायतींना स्वराज्य संस्था म्हणून कार्य करता यावे यासाठी आवश्यक असतील असे अधिकार राज्य विधानमंडळास कायद्याद्वारे त्यांना प्रदान करता येतील." वाक्य लांब दिसलं की पोरं घाबरतात आणि नुसतं नजरेखालून घालतात. मराठीत वाक्याचा मालक शेवटी बसलेला असते, म्हणून आधी शेवटी जायचं. क्रियापद काय? "प्रदान करता येतील". कोणाला येतील? विधानमंडळाला. काय प्रदान करता येतील? अधिकार. कोणाला द्यायचे? पंचायतींना. राहिलेला सगळा पसारा "कशासाठी" आणि "कसं" यात बसते. आता पुन्हा क्रियापद पहा, "करता येतील" आहे, "करावेच लागतील" नाही. म्हणजे २९ विषय परिशिष्टात आहेत म्हणून ते ग्रामपंचायतीच्या हातात आपोआप आले असं नाही, किती द्यायचे ते राज्य ठरवते. या एका "येतील" वरून प्रश्न बनतात आणि चार वेळा वाचूनही तो शब्द कोणाच्या डोळ्यात भरत नाही.

तसेच "किमान", "कमाल", "फक्त", "वगळून", "अन्यथा", "परंतु" हे शब्द. घटनेत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा आहेत, किमान म्हणजे त्याहून जास्त द्यायला दार उघडं, म्हणूनच महाराष्ट्रानं ५० टक्के केल्या. प्रश्नात "घटनेनुसार" आहे का "महाराष्ट्रात" आहे हे न वाचता गोल काळा करणारे दरवर्षी माझ्याच अभ्यासिकेतले चार-पाच असतात, आणि बाहेर येऊन म्हणतात पेपर सोपा होता सर. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात ते वेगळे. मी हायलायटरवर बंदी घातलेली आहे, पण या शब्दांना पेन्सिलनं गोल करायची परवानगी आहे.

न समजलेल्या शब्दांची एक छोटी वही ठेवा, पण शब्दासमोर शब्द लिहू नका. "परंतुक म्हणजे प्रोव्हायझो" असं लिहून डोक्यात काहीच उजेड पडत नाही. "परंतुक, म्हणजे कायद्यानं एक नियम सांगितला अन् मागून म्हटलं, पण अमक्याला लागू नाही" असं आपल्या बोलीत लिहा, पाहिजे तर चक्क वऱ्हाडीत. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, नोंदी जरा भारदस्त आहेत पण संज्ञा नक्की करायला चांगला.

आता धडा कसा वाचायचा ते. मी जे करून घेतो त्याचं मूळ फ्रान्सिस रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाच्या १९४६ च्या पद्धतीत आहे, आधी चाळा, प्रश्न करा, वाचा, न पाहता सांगा, पुन्हा तपासा. चार भिंतीतल्या पोरांसाठी बनलेली पद्धत आहे, मी ती आपल्या सोयीनं वाकवली आहे.

समजा पंचायत राजचा धडा आहे. पहिली पाच-सात मिनिटं नुसती शीर्षकं पहा आणि मागच्या वर्षांचे त्या धड्यावरचे प्रश्न वाचा. उत्तरं येत नाहीत ना? येऊच नये, वाचायच्या आधी ते फक्त कानावरून जायला पाहिजेत. मग एकच उपशीर्षक घ्या, उदाहरणार्थ वसंतराव नाईक समिती. वाचायच्या आधी कागदाच्या वरच्या बाजूला दोन प्रश्न लिहा. देशासाठी नेमलेली बलवंतराय मेहता समिती १९५७ मध्येच येऊन गेली होती, मग महाराष्ट्राला १९६० मध्ये वेगळी समिती काहून लागली? आणि तिनं मेहतांहून वेगळं काय सांगितलं? आता वाचा. आता वाचताना तुम्ही शोधून राहिले, आणि शोधणारा माणूस खिडकीबाहेर पाहत नाही. उत्तर सापडते की मेहता समितीचा भर मधल्या पातळीवर म्हणजे पंचायत समितीवर होता, नाईक समितीनं जिल्हा परिषदेला वजन दिलं, त्यावरून १९६१ चा अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. वसंतराव आपल्या पुसदकडचे, ही तुमची खुंटी.

दोन-तीन पानं झाली की पुस्तक मिटवा. हा सगळ्यात अवघड भाग आहे, पोरं मिटवतच नाहीत, बोट आत ठेवतात. बोट काढा. कागद उलटा करा आणि आठवेल ते लिहा, शुद्धलेखन नको, वाक्यं नको, फक्त मुद्दे. पहिले काही दिवस पाचातले दोन येतात आणि फार चिडचिड होते, वाटते की त्यापेक्षा पुन्हा वाचलेलं बरं. तिथंच थांबायचं आणि डोक्याला ताण द्यायचा, तो ताणच अभ्यास आहे. मग पुस्तक उघडून जे सुटलं तेच फक्त लाल पेननं भरा. या पद्धतीनं दिवसाला तीस नाही, कदाचित अठरा-वीस पानंच होतील. होऊ द्या. पानं मोजायची सवय आपल्याला कापूस वेचणीनं लावली आहे, किलोवर मजुरी, इथं तसं नसते.

उजळणीचं सांगतो. जर्मनीतला एबिंगहाउस नावाचा माणूस अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करायचा आणि किती विसरलो ते मोजायचा, १८८५ मध्ये त्यानं ते छापलं. विसरणं पहिल्या दिवसात झपाट्यानं होते, नंतर उतार मंदावते. अर्थ असलेलं वाचन त्याच्या अक्षरांपेक्षा हळू उतरते, पण चाल तीच. म्हणून एका रविवारी आठ तास उजळणी करण्यापेक्षा त्याच रात्री दहा मिनिटं, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्यानं, असं थोडं थोडं केलेलं टिकते. नेमके दिवस पोथीसारखे पाळू नका, सोंगणी आली तर दोन दिवस इकडं तिकडं होणारच. फक्त उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नाही, आधी प्रश्न पाहून आठवायचं, अडलं तरच पान उघडायचं.

आणि इथं तुमची शेती आड येत नाही, कामी येते. वहीच्या पानाची चिठ्ठी करा, कालच्या वाचनाचे पाच प्रश्न, उत्तरं नाही, आणि शर्टाच्या खिशात टाका. डवऱ्यामागं चालताना, बंडी हाकताना, रात्री जागलीला मचाणावर बसल्यावर एक एक काढायचा आणि मोठ्यानं उत्तर द्यायचं, बैल काही नाव ठेवत नाहीत. माझी एक विद्यार्थिनी कापूस वेचताना आईला प्रश्न विचारायला लावायची, आई शाळेत गेलेली नव्हती, पण पोरगी अडखळली की "नाई आलं, सोड, पुढचं सांग" एवढं तिला बरोबर कळायचं. ती पोरगी आज सरकारी नोकरीत आहे. फक्त फवारणीच्या वेळी हे करू नका, तिथं लक्ष नोझलवर, वाऱ्यावर आणि तोंडावरच्या मास्कवरच पाहिजे, २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली ते सगळ्यांना माहीत आहे.

वेळेचं म्हणाल तर दहा तास बसणं मला तर पटतच नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसला जाते, टिनाच्या खोलीत दुपारी दोन वाजता कोणाच्या डोक्यात काय शिरणार आहे? पहाटे पाच ते नऊ कठीण विषय, दुपारी झोपा किंवा चिठ्ठ्या करा, संध्याकाळी दोन तास. दिवसभर वखर हाकून आले असाल तर रात्री नवीन धडा उघडूच नका. मोबाईल दुसऱ्या खोलीत, यावर जास्त बोलत नाही, तुम्हालाही माहीत आहे.

वाचायचं काय, तर आधी राज्य मंडळाची सहावी ते बारावीची पुस्तकं, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतात. बीए झालेल्या पोराला सातवीचं पुस्तक हातात घ्यायला कमीपणा वाटते, मला माहीत आहे, पण ठोकळा पुस्तकात जे तीन ओळीत कोंबलेलं असते ते तिथं उलगडून दिलेलं असते, आणि वाचनाचा वेग खरं तर तिथंच वाढते. विषयाला एकच संदर्भ पुस्तक, त्यावर मन बसेपर्यंत दुसरं आणू नका. आमच्या अभ्यासिकेत एकाजवळ राज्यशास्त्राची पाच पुस्तकं आहेत, पाचही पहिल्या तीस पानांपर्यंत मळलेली.

सी-सॅटच्या उताऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही पण तिथं वाचन थेट लागते म्हणून सांगतो. सी-सॅट म्हणजे राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, त्यात दोन तासात ८० प्रश्न आहेत आणि ३३ टक्क्यांची पात्रता आहे, म्हणजे २०० पैकी ६६. प्रश्न आधी का उतारा आधी यावर पोरं वाद घालतात. माझं मत, प्रश्नांवर अर्धा मिनिट नजर, पर्याय अजिबात वाचायचे नाहीत, मग उतारा एकदाच पण सावकाश. पर्याय आधी वाचले की उताऱ्यात नसलेलंही दिसायला लागते. रोज एक अग्रलेख वाचून "लेखकाचं म्हणणं एका वाक्यात काय" हे लिहिलं की याची वेगळी तयारी फार करावी लागत नाही. ज्यांना मोठ्यानं वाचायला सांगितलं त्यांनी तोच लेख मोठ्यानं वाचावा, दोन्ही कामं होतात.

फार लांबलं, म्हणून तुमच्यापुरतं परत: कोर्स नको, डोळे तपासा, आधी प्रश्न मग वाचन, दोन-तीन पानांनी पुस्तक मिटवून कोरा कागद, खिशात चिठ्ठी, तीन-चार दिवसांनी पुन्हा. आठवीचं किंवा दहावीचं कोणतंही इतिहासाचं पुस्तक घ्या, आज रात्रीच एका उपशीर्षकावर करून पहा, लाइन गेली असेल तर उद्या पहाटे. आणि पुस्तक मिटवल्यावर पाचातले किती मुद्दे कागदावर आले तो आकडा इथंच खाली टाका, खरा टाका. दोन आले तरी लाजू नका, माझा पहिल्या दिवशी एकच आला होता, आणि तोही अर्धा चुकलेला.